नळीबाईंचा हात-लावा वर्ग

प्रयोगशाळेत सामान मांडून देणाऱ्या आणि तास संपला की ते धुऊन ठेवणाऱ्या बाईचं नाव शाळेत सहसा कुणाला ठाऊक नसतं. या बाईंना मात्र मुलांनी स्वतःहून नाव ठेवलं होतं, आणि तेही प्रेमाने. ठेंगणी मूर्ती, निळा ॲप्रन, एका खिशात त्रिकोणी कानस आणि दुसऱ्या खिशातून डोकं वर काढणारी काचेची नळी. म्हणून नळीबाई. शिपायांपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळेच तसं म्हणू लागले. इतके, की हजेरीपटावर त्यांचं खरं नाव दिसलं की नवा कारकून हमखास विचारायचा, "ह्या कोण?"

त्या शाळेत आल्या तेव्हा विशीच्या होत्या. पुढे शिकायचं होतं, पण वडील अंथरुणाला खिळले आणि घरात एकट्या दादाच्या नोकरीवर भागेना. दोन वर्षं करू आणि मग कॉलेजात जाऊ, असं म्हणून त्यांनी हे काम धरलं. दोनाची चौतीस वर्षं झाली.

पहिली तेवीस वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही. तासाआधी चंचुपात्रं, परीक्षानळ्या, दिवे मांडायचे. तासाला सर पुढच्या टेबलावर प्रयोग करून दाखवायचे, चाळीस मुलं बाकांवरून माना उंच करून बघायची, आणि मागच्या बाकांवरच्यांना सरांच्या पाठीखेरीज काही दिसायचं नाही. मग घंटा व्हायची आणि नळीबाई सगळं धुवायला घ्यायच्या. भिंतीवर एक पाटी होती, 'कोणत्याही वस्तूला हात लावू नये'. ती पाटी दर शनिवारी पुसायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

मग एका दुपारी शाळेची बस बिघडली. नऊ मुलं व्हरांड्यात ताटकळत बसली होती. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आत बाई सामान विसळत होत्या. एकेक करत नऊच्या नऊ डोकी दारात आली. "बाई, त्या बाटलीत काय आहे?" एकाने विचारलं. बाटलीत चुन्याची निवळी होती. सांगून काय कळणार, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी सहज नऊ परीक्षानळ्यांत निवळी ओतली, नऊ जणांच्या हातात एकेक स्ट्रॉ दिली आणि म्हणाल्या, "फुंका. ओढायचं मात्र नाही हं, प्यायचं सरबत नाही ते."

मुलांनी फुंकलं. पाण्यासारखी स्वच्छ निवळी बघता बघता दुधासारखी झाली. एक बारकी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मी आजारी आहे का?" त्यावर सगळे इतके हसले, की बस आलेली कुणाला कळलीच नाही. ड्रायव्हरला वर येऊन ओरडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बस धडधाकट होती. तरी ती नऊ मुलं आली, आणखी चार जणांना घेऊन आली. आठवड्याभराने तेव्हाच्या मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"हात लावताहेत, बाई," नळीबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना.

मोठ्या बाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी परवानगी दिली. मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटल्यावर चार ते साडेपाच, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. जागा म्हणून प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली. कागदावर विज्ञानाच्या सरांचं नाव होतं, पण सर चार वाजून दहा मिनिटांनी घरी जायला निघायचे आणि जाताना म्हणायचे, "तुम्ही आहातच." कागदावर वर्गाचं नाव 'विज्ञान छंद वर्ग' असं भारदस्त होतं. मुलांनी त्याचं 'हात-लावा वर्ग' करून टाकलं.

अकरा वर्षं तो वर्ग चालला. मुलांनी लिंबांवर बारीक दिवे लावले, खिळ्याला तार गुंडाळून चुंबक केलं, बुटांच्या खोक्याला भोक पाडून खिडकीबाहेरचं झाड आत उलटं उतरवलं. काळी शाई ओल्या कागदावर चढताना तिच्यातून जांभळा, पिवळा, निळा रंग वेगळा होतो हे बघून एकाने वर्गातल्या सगळ्यांची पेनं गोळा करून तपासली होती. बाई आधी काही सांगायच्या नाहीत. "आधी हात, मग तोंड," एवढंच म्हणायच्या. मुलं करायची, चुकायची, सांडायची, पुसायची, आणि मग बोलायची.

काचेचं काम मात्र फक्त बाई स्वतः करायच्या. कानशीने नळीवर रेघ मारून ती काटकन तोडायची, ज्योतीवर फिरवत फिरवत मऊ करायची आणि मग अशी अलगद वाकवायची की जणू ओली काडीच. त्या वेळी खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असायची. नव्या मुलांना पहिल्या दिवशी त्या दोन नळ्या दाखवायच्या. "यातली गरम कोणती?" मुलं बघून बघून अंदाज करायची आणि निम्मी चुकायची. मग बाई दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकायच्या. एका नळीवर तो चर्र करायचा. "काच चेहऱ्यावर काही दाखवत नाही," बाई म्हणायच्या. म्हणून नियम एकच होता. गरम काच बाकावर ठेवलेल्या लाल फरशीच्या तुकड्यावर ठेवायची, आणि फरशीवर जे आहे ते पाव तास कुणाचंच नाही. अकरा वर्षांत एकालाही साधा चटका बसला नव्हता. बाईंना त्याचा अभिमान होता.

घरी त्या आणि त्यांची वहिनी, अशा दोघीच. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघींच्या दोन खोल्या चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होत्या, आणि वहिनी खिडकीपाशी मशीन टाकून लोकांचे कपडे घट्टसैल करून द्यायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला नणंदेला 'वन्सं' म्हणायला शिकवलं होतं. ते 'वन्सं' तिने जन्मभर सोडलं नाही, पण त्याबरोबरचं 'तुम्ही' पहिल्याच वर्षी सोडलं. "आमच्या वन्संला दिवसभर शाळेच्या बाटल्या घासायला जमतं," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "पण घरी स्वतःचा कप उचलायचा म्हटलं की हिचे हात गळतात."

तो कप नळीबाईंच्या हातात पहिल्यांदा खरोखर वाजला, तेव्हा वहिनीनेच ते ऐकलं. बशीवर कप वाजत होता, बारीक, सारखा. वहिनीने शिवणं थांबवलं.

काही दिवसांनी ती म्हणाली, "वन्सं, एवढा दोरा ओवून दे गं. माझे डोळे दुखतात." तिचे डोळे चांगले होते. नळीबाईंनी सुई घेतली. दोरा इकडे गेला, तिकडे गेला.

"ओवतेस की सुईला वारा घालतेस?" वहिनी म्हणाली. दोघी हसल्या. मग दोघींनीही हसणं एकदमच थांबवलं.

डॉक्टरांनी त्यांना बोटं एकमेकांवर आपटायला लावली, चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली. ओळ लिहिता लिहिता अक्षरं बारीक बारीक होत गेली. "कंपवात आहे," ते म्हणाले. "सुरुवात आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील. जाणार मात्र नाही. काम काय करता?"

वहिनीच म्हणाली, "शाळेत असते. मुलांना काच वाकवून दाखवते."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "काचेचं काम बंद करा. विस्तवाचंही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना नळीबाई म्हणाल्या, "शाळेत कुणाला बोलायचं नाही. एवढं वर्ष पुरं होऊ दे."

"आणि पुढच्या वर्षी काय म्हणशील?"

"पुढचं पुढे बघू."

वर्ष पुरं करायचं होतं ते एका मुलीमुळेही. सातवीतली, बेकरीवाल्याची लेक. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी एकच शब्द, 'का?'. ज्योत वरच का जाते? बर्फ तरंगतो का? मीठ पाण्यात गेलं की दिसत का नाही? दर वाक्याला का, का करते म्हणून मुलांनी तिचं नावच 'काका' ठेवलं होतं. "काका, दप्तर सरक जरा!" अशी हाक ऐकून एकदा कुणाचे तरी खरे काका वळून बघू लागले होते. तिची एक जाड वही होती. डाव्या पानावर तिचे प्रश्न आणि उजवं पान उत्तरासाठी कोरं. उत्तर कुणी सांगितलेलं चालायचं नाही. स्वतः करून बघितलं तरच ती उजवं पान भरायची. अकरा वर्षांत अशी मुलगी बाईंनी बघितली नव्हती. ती वर्ग संपल्यावरही थांबून सामान धुऊ लागायची, आणि धुता धुता विचारायची, "बाई, साबणाला फेस का येतो?"

एका गुरुवारी बाई तापलेली नळी फरशीवर ठेवत होत्या. हात मधेच डळमळला. समोरून एक छोटा हात पुढे आला आणि लाल फरशी बाईंच्या बाजूला चार बोटं सरकली. बाईंनी वर पाहिलं. काका वहीत बघत होती, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या खेपेपासून बाई यायच्या आधीच फरशी जवळ सरकवलेली असायची. तिने 'का' म्हणून विचारलं नाही. हा एकच प्रश्न तिने गिळला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. हे नळीबाई पुढे कितीदा तरी म्हणाल्या.

तो दिवस ड्रॉपर करायचा होता. चौदा मुलं दोघादोघांनी बसून कागदाचे साचे मापत होती, आणि बाई ज्योतीवर नळी फिरवत होत्या. मधला भाग लाल झाला, मऊ झाला. बाईंनी दोन्ही टोकं हळूच ताणली, काच दोऱ्यासारखी बारीक झाली. छान जमलं होतं. त्या खुशीतच त्यांनी नळी खाली ठेवायला हात नेला, आणि तो थरथरला. नळी फरशीच्या कडेवर आपटली, बाकावर पडली आणि घरंगळत निघाली. समोर काका बसली होती. पडणारी वस्तू झेलायला माणसाचा हात जातो, तसा तिचा हात गेला.

ती ओरडली नाही. दातांतून फक्त 'स्स' असा आवाज आला. नळी जमिनीवर पडून फुटली.

बाईंनी तिला ओढत नळाखाली नेलं आणि तिचा तळवा गार पाण्याखाली धरला. वीस मिनिटं धरून ठेवला. पोरीचा हात स्थिर होता, बाईंचाच कापत होता. कुणीतरी धावत जाऊन आताच्या मोठ्या बाईंना बोलावून आणलं.

"कसं झालं हे?"

नळीबाईंनी तोंड उघडलं. पण काकाच आधी बोलली. "माझी चूक आहे. मी फरशीवरची नळी उचलली."

बाकीची मुलं आपापल्या कागदात होती, कुणी काही पाहिलं नव्हतं. मोठ्या बाईंनी नळीबाईंकडे बघितलं. नळीबाईंचं तोंड उघडलेलं होतं, ते त्यांनी मिटलं.

संध्याकाळी त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी मशीनवरून उठून त्यांच्या शेजारी बसली. "पोरीने स्वतःच सांगितलं ना? मग झालं तर. तू आता गप्प राहा, वन्सं. चटका आहे, बरा होईल. तू बोललीस तर वर्ग जाईल, आणि त्या वर्गाशिवाय तुझं राहिलंय काय?"

ते ऐकायलाच जणू नळीबाई थांबल्या होत्या. त्या गप्प राहिल्या.

मंगळवारी काका आली नाही. हात दुखत असेल, असं बाईंनी स्वतःला समजावलं. पुढच्या गुरुवारीही तिची जागा रिकामी. तेव्हा तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, ती आता नाहीच येणार. तिच्या बाबांनी वर्ग बंद केला तिचा. खूप बोलले तिला. आणि ती वही होती ना तिची? ती त्यांनी भट्टीत घातली."

नळीबाईंनी हातातला दिवा विझवला. त्या दिवशी वर्ग पंधरा मिनिटांत सुटला.

बेकरी शाळेपासून तीन चौक लांब होती. त्या पोचल्या तेव्हा संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. बेकरीवाला उंचापुरा माणूस, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून वरपर्यंत जुन्या चटक्यांचे आडवे व्रण. गल्ल्याच्या मागे काका डाव्या हाताने पाव पिशवीत भरत होती. उजव्या हाताला पट्टी होती.

"तुमच्याशी बोलायचंय," नळीबाई म्हणाल्या. "तिने फरशीवरची नळी उचलली नव्हती. माझ्या हातातून सुटली. मला कंपवात आहे. तिने पडती नळी झेलली. तिने नियम मोडला नाही."

बेकरीवाल्याने हातातला ट्रे खाली ठेवला.

"भाजण्याचं मला काही नाही, बाई," तो म्हणाला. "हे बघा माझे हात. भाजणं आमच्या घरचंच आहे. मला राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. जिथे हात लावू नको म्हणून सांगितलंय तिथे हिने हात लावला. इथे भट्टी आहे, बाई. लहानपणापासून मी तिला तेवढं एकच शिकवलं. मी तिला म्हणालो, ज्या हाताला सांगितलेलं कळत नाही, तो शिकून काय दिवे लावणार." त्याने भट्टीकडे बघितलं. "तिची वही जाळली मी."

"बाबा, जाऊ द्या ना," काका म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. "तू खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर वर्ग बंद झाला असता."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, पाव घेऊन गेलं. मग बेकरीवाला नळीबाईंना म्हणाला, "ती लहान आहे. तिने तुमच्यासाठी खोटं सांगितलं हे मी समजू शकतो. तुम्ही आठ दिवस काय करत होतात?"

नळीबाईंनी मान खाली घालून त्याची माफी मागितली.

"शाळेत मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "ते तुमचं तुम्ही सांगा. पण पोरीला आता मी परत पाठवणार नाही. या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, माफी मागितली. डॉक्टरांचा कागदही समोर ठेवला. मोठ्या बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "हा कागद माझ्यासमोर चार महिन्यांपूर्वी आला असता," त्या म्हणाल्या, "तर काचेचं काम दुसऱ्या कुणाकडे दिलं असतं आणि वर्ग तुम्हीच चालवला असता. आता मला तसं करता येणार नाही."

नळीबाईंना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. जो वर्ग वाचवायला म्हणून त्यांनी सगळं लपवलं, तो सांगितल्याने वाचला असता.

त्यांना ग्रंथालयात पाठवलं. पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम होतं, त्याही तिरक्या बसायच्या. ग्रंथालय अडगळीच्या खोलीच्या बरोबर वर होतं. मंगळवारी चार वाजता खालून बाकं ओढल्याचा आवाज यायचा, आणि नळीबाईंचा हात चिठ्ठीवर तसाच राहायचा. सरांनी काही आठवडे मनापासून वर्ग घेतला, नाही असं नाही. पण विस्तव नको, काच नको, सांडासांड नको. म्हणून तयार खोकी मागवली. प्रत्येकात तेच तुकडे, तीच चित्रं, शेवटी सगळ्यांची एकसारखी गाडी तयार. मुलं चौदाची नऊ झाली, नवाची चार. वर्षाच्या शेवटी खालून आवाज यायचा बंद झाला. पुढे त्या खोलीत व्यायामाच्या गाद्या ठेवू लागले.

सुट्टी लागली तशी नळीबाईंनी नोकरी सोडली. निरोपाला शिक्षक चांगलं बोलले. कुणीतरी म्हणालं, "बाईंच्या हातात जादू होती." त्या वेळी तो हात मांडीवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

काका एकदा घरी आली. ती तेव्हा आठवीत होती. उंच झाली होती. हातात बेकरीची पिशवी होती. "बाबांनी दिलेत," एवढंच म्हणाली. उजव्या तळव्यावर गुळगुळीत, चकचकीत व्रण होता, आणि करंगळी पुरती सरळ होत नव्हती. वहिनीने तिला खुर्ची दिली, चहा टाकला.

"शाळा कशी चाललीय?"

"ठीक आहे, बाई."

"विज्ञान?"

"ठीक."

चहा आला. गरम चहावर वहिनीने बशी झाकली होती. ती काढल्यावर बशीच्या आतून पाण्याचे थेंब ओघळले. नळीबाईंनी बशी तिच्यापुढे तिरपी धरली आणि वाट पाहिली. मुलीने थेंब पाहिले, पिशवीतला रुमाल काढला आणि बशी पुसून ठेवली.

"तू आता विचारत नाहीस का गं काही?"

काकाने रुमालाची घडी घातली. "बाबा काही म्हणत नाहीत, बाई. उलट मला नवी वही आणून दिली त्यांनी. पण मी काही विचारलं ना, की त्यांचा चेहरा पडतो. त्यांना जुनं आठवतं. म्हणून मग मीच नाही विचारत."

"आणि ती नवी वही?"

"त्यात हिशेबाचा अभ्यास करते," ती म्हणाली, आणि चहा संपवून उठली.

पुढच्या वर्षी तिच्या वडिलांनी बेकरी विकली आणि ते सगळे लांबच्या गावी, तिच्या चुलत्याकडे गेले. जाण्याआधी ती दारात येऊन पत्त्याची चिठ्ठी देऊन गेली. आत आली नाही, खाली रिक्षा उभी होती. तिचे पाय जिन्यावर वाजत खाली गेले. त्यानंतर कितीतरी वेळाने नळीबाईंच्या लक्षात आलं, की त्यांनी तिच्या बापाची माफी मागितली होती, मोठ्या बाईंची मागितली होती. त्या मुलीची मात्र कधीच मागितली नव्हती.

त्या तिला पत्र लिहायला बसल्या, पण हात साथ देईना. अक्षर मुंगीएवढं व्हायचं आणि मग रेघच उरायची. मग एका दुपारी वहिनीने मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाचा झगा बाजूला सारला आणि कागद पेन घेऊन बसली.

"सांग."

नळीबाई खिडकीकडे बघत सांगू लागल्या. "लिही. त्या दिवशी चूक माझी होती आणि ती तू स्वतःवर घेतलीस. मी मोठी होते. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मी घाबरले. वर्ग जाईल म्हणून घाबरले, असं मी सगळ्यांना सांगते, पण ते पुरतं खरं नाही. मला तुमच्यासमोर थरथरणारी बाई व्हायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी आठ दिवस तुला एकटं सोडलं. तुझी वही गेली ती त्या आठ दिवसांत. मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते."

वहिनी लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

"झालं?" नळीबाईंनी विचारलं.

"तुझं झालं," वहिनी म्हणाली. "खाली मी माझं एक लिहू का?"

"तुझं काय?"

"गप्प राहा, असं तुला मीच सांगितलं होतं ना, वन्सं." वहिनीने पदराने नाक पुसलं. "पोरीचा चटका बरा होईल, म्हणाले होते मी. मी तिला बघितलं पण नव्हतं तेव्हा. तुझ्यापुढे मला कुणाचीच पोर दिसली नाही."

वहिनीने खाली दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते तिने वाचून दाखवलं नाही, आणि नळीबाईंनीही विचारलं नाही. पाकीट चिकटवून झालं तसं दोघी मिळूनच ते टाकायला गेल्या, नळीबाई वहिनीचा दंड धरून, सावकाश. वाटेत दोनदा थांबावं लागलं.

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर होता. उत्तर आलं नाही. पहिले काही महिने पोस्टमनची सायकल खाली वाजली की नळीबाई खुर्चीत सरळ बसायच्या, आणि वहिनी काही न बोलता जिना उतरून बघून यायची.